उशिरा पोचलेला षड्ज

तंबोऱ्याच्या आवाजात काही लपत नाही. द्रुत तबल्यात एखादा आगाऊ ठोका खपून जातो, मोठ्या वाद्यवृंदात तर काय काय खपत असेल, देव जाणे. पण तंबोरा एकसारखा वाजत असतो. पंचम, षड्ज, षड्ज, खर्जातला षड्ज, पुन्हा पंचम. त्या अखंड गुंजनात बारीकशी टिचकी वाजली, तरी पुढचा सबंध वेळ कान स्वर सोडून तिचीच वाट बघत बसतात.

माझा तंबोरा लॅपटॉपमधला. खराही आहे, पण तो खोळीत घालून भिंतीशी उभा असतो आणि पावसाळ्यात त्याच्या तारांशी झटापट करण्याइतका धीर सकाळी सहाला माझ्यात नसतो. तर या लॅपटॉपवर मी विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली वापरते आणि त्याची नवी आवृत्ती आली की ती चढवल्याशिवाय मला चैन पडत नाही. यंदाही चढवली. अक्षरं देखणी झाली, चिन्हं गोलसर झाली, वाय-फाय पहिल्या झटक्यात लागलं. रियाजाला बसले आणि तंबोऱ्यातून ऐकू आलं: चर्र, चर्र, टक्, चर्र.

माझ्या बाई मिरजेच्या. गाणं शिकवतात ते ऑनलाइन. त्यांनी तिकडून क्षणभर ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, जवारी उतरलीय तुझ्या तंबोऱ्याची. येशील तेव्हा घेऊन ये, काढून देतील.’’

मिरजेच्या माणसाला हेच सुचणार. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या कारागिरांकडे वाद्यं घेऊन जाणारे गवई त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग असा बेताने घासायचा की थरथरणारी तार तिला निसटती शिवत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा. तो केसभर पुढे-मागे झाला की आवाज एकदम उघडतो नाहीतर मिटतो. तारेचं हे घोडीला घासणं एरवी दोषच ठरलं असतं. इथे त्यातूनच वरचे सगळे स्वर फुलून येतात. मी बाईंना सांगितलं, की तंबोरा संगणकातला आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘मग त्याची जवारी कोण काढतं?’’

कोण काढणार? मीच.

संगणकाचा आवाज बिघडला की पहिलं काम म्हणजे बिघाड नीट ऐकणं. ते कोणी करत नाही. सगळे थेट नेटवर जातात, तिथे कोणी ड्रायव्हर बदला म्हणतं, कोणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जुन्या आवृत्तीवर न्या, कोणी यूएसबीचं साउंड कार्डच विकत घ्या म्हणतं आणि प्रत्येकाचा उपाय त्याच्या-त्याच्या घरी लागू पडलेला असतो. सल्ल्यांनाही मुदत असते हे तिथे कुणी लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वीचा उपाय ज्या फाइलमध्ये करायचा, ती फाइल नव्या आवृत्तीत कुणी वाचतच नसतं.

तर ऐकायचं. लॅपटॉप चार्जरला लावल्यावर घूंऽऽ असा आवाज येत असेल आणि पिन काढली की जात असेल, तर लॅपटॉपला दोष न देता भिंतीतल्या अर्थिंगकडे बघावं. बराच वेळ शांतता आणि मग काहीही वाजायला लागताना एकच टक्, असं असेल तर आवाजाची चिप वीज वाचवायला झोपली होती आणि दचकून उठली, एवढाच त्याचा अर्थ. हेडफोनची पिन हलवल्यावर खरखर बदलत असेल, तर पिन बदलावी. माझं यातलं काही नव्हतं. स्पीकरवर, हेडफोनवर, बॅटरीवर, चार्जरवर, सगळीकडे तेच अनियमित चर्र चर्र. आणि हे सगळ्यात चिवट प्रकरण असतं, कारण तो मुळात आवाजच नसतो.

संगणकातला आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सेकंदाला 48,000 आकडे, डाव्या कानाला वेगळे, उजव्याला वेगळे. स्पीकरला हे आकडे ठरल्या वेळी एकामागून एक हवेच असतात, त्याला थांबणं माहीत नाही. उलट प्रोसेसरच्या मागे हजार कामं. तो आकडे देतो ते घाऊक, मूठभर देऊन दुसऱ्या कामाला पळतो. मधल्या वेळात निभावून न्यायला बफर असतो. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी हेच काम करते. पंप मनात येईल तेव्हा चालतो, नळ मात्र सारखा वाहता हवा. टाकी मोठी असेल तर पंप उशिरा लागला तरी खाली कुणाला कळत नाही. लहान असेल तर नळ खोकायला लागतो.

माझा तंबोरा खोकत होता. आकड्यांची मूठ काही सहस्रांश सेकंद उशिरा पोचत होती, तेवढ्यापुरता स्पीकरचा पडदा होता तिथून एकदम शून्यावर येऊन पडत होता. या पडण्याचा आवाज म्हणजे ती टिचकी. लाट अशी अचानक तुटली की त्या तुटीत खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर एकदम सांडतात, म्हणून ती इतकी बोचते. डोळा या बाबतीत फार उदार. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात, त्यातलं एखादं गळालं तर तो पुढे जातो. कान पाच सहस्रांश सेकंदही सोडत नाही.

आता टाकी लहान कुणी केली? इथे थोडा इतिहास सांगावा लागतो. लिनक्सच्या जगात आवाजाची व्यवस्था सारखी बदलत आली आहे. तळाशी साउंड कार्डाशी थेट बोलणारी अल्सा, ती 2003 अखेरच्या 2.6 कर्नलपासून पक्की बसली. तिच्यावर 2007-08 च्या सुमारास बऱ्याच डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी, सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करणारं पल्सऑडिओ आणून बसवलं आणि त्या काळी लिनक्स वापरणारा कुणीही भेटला की पहिली पाच मिनिटं त्याची रडगाणी ऐकावी लागत. ते पुढे सुधारलं. वाजवणाऱ्यांचा, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचा मात्र वेगळाच संसार होता, जॅक नावाचा. तिथे गिटारची तार छेडली की लगेच ऐकू यायला हवं, क्षणाचाही उशीर चालत नाही. पल्सऑडिओला अशी घाई नव्हती. गाणंच ऐकायचंय ना, मग घ्या भरून. जमलं तर दोन-दोन सेकंदांचा साठा आधीच करून ठेवायचा आणि प्रोसेसरला झोपू द्यायचं. वीजही वाचते.

मग आलं पाइपवायर. विम टेमन्स यांनी ते लिहायला घेतलं मुळात चित्रासाठी, कॅमेरा आणि स्क्रीन शेअर करण्यासाठी. पण चित्राची वाहतूक जमली तसं आवाजाचंही काम त्याच्याकडे आलं. 2021 मध्ये फेडोरा 34 या डिस्ट्रोने ते मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारलं, 2022 च्या ऑक्टोबरात उबुंटूने. पल्सऑडिओ आणि जॅक या दोघांचे दोन संसार त्याने एका घरात आणले. फार सुंदर काम आहे हे, माझी खरखर मधे आली म्हणून मी त्याला बोल लावणार नाही. पण एकत्र कुटुंबात जे होतं ते इथेही होतं.

ते काय होतं, हे मला पीडब्ल्यू-टॉप नावाच्या छोट्या प्रोग्रामने दाखवलं. टर्मिनलमध्ये ही आज्ञा दिली की कोण कोण आवाज मागतंय त्याची यादी दिसते आणि शेवटाकडे चुका मोजणारा एक रकाना असतो. तंबोरा लावला, रकाना शांत. एका मुठीत 1024 आकडे, म्हणजे साधारण 21 सहस्रांश सेकंदांचा साठा. मग गाण्याच्या वर्गासाठी ब्राउझर उघडला आणि मूठ झरकन 256 वर आली. म्हणजे पाचच सहस्रांश. चुकांचा रकाना रिक्षाच्या मीटरसारखा पळायला लागला.

व्हिडिओ कॉलवाल्यांना घाई असते. संवाद आहे, उशीर नको, म्हणून ते लहान मूठ मागतात. पाइपवायरचा नियम असा, की सगळ्यांत ज्याला जास्त घाई, त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं. तंबोऱ्याला काहीच घाई नव्हती, तंबोऱ्याइतकं निवांत जगात दुसरं काय आहे? पण शेजारी कॉल उघडला म्हणून त्यालाही पाच सहस्रांशात धावावं लागलं आणि माझ्या जुन्या प्रोसेसरला ते झेपेना.

विनोद असा, की या घाईचा उपयोग शून्य. पुण्याहून मिरजेपर्यंत आवाज जाणार, तिथून परत येणार, त्यात जो वेळ जातो त्यापुढे हे पाच आणि एकवीस म्हणजे काहीच नाही. ऑनलाइन शिकवणीत गुरू आणि शिष्य एकत्र गाऊच शकत नाहीत, हे शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाई गातात, थांबतात, मग मी गाते. दोघींनी एकदम ‘सा’ लावायचा मोह आवरावा लागतो.

आणि एकवीस सहस्रांश म्हणजे तरी किती? हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. एकवीस सहस्रांशात सात मीटर. एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात माइक न लावता बैठक चालली आहे आणि तुम्ही मागच्या भिंतीला टेकून बसला आहात, इतकाच उशीर. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्यांपैकी कुणी ‘गाणं उशिरा येतंय’ अशी तक्रार केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. उलट जाणकार तिथेच बसतात.

मग उपाय अगदी किरकोळ. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली: कोणी कितीही घाई केली तरी मूठ 1024 च्या खाली नेऊ नये. फाइल जतन केली, आवाजाची सेवा पुन्हा सुरू केली, ब्राउझर उघडला. चुकांचा रकाना जागचा हलला नाही. ज्यांना गिटार जोडून वाजवायची आहे त्यांना ही ओळ चालणार नाही, त्यांनी चांगला प्रोसेसर घ्यावा. मला चालली. बाईंना विचारलं, आता कसा वाटतोय? ‘‘जवारी छान निघालीय,’’ म्हणाल्या. मी दुरुस्ती केली नाही.

या सगळ्या काळात घरात एकाच माणसाला काही त्रास झाला नाही, तो म्हणजे बाबा. आकाशवाणीच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या मराठी बातम्या ते माझ्या रियाजानंतर याच लॅपटॉपवर लावतात. मी ब्राउझर उघडाच ठेवलेला असायचा, त्यामुळे त्यांच्या बातम्याही चर्र चर्र करत यायच्या. मी म्हणायची, ‘‘बाबा, थांबा, जरा बघते.’’ ते म्हणायचे, ‘‘बघायचंय काय त्यात? येतंय की ऐकू.’’

त्यांचे कान व्हॉल्व्हच्या रेडिओवर घडले. बटण फिरवल्यावर रेडिओ तापायची वाट बघायची, भिंतीवर तांब्याच्या जाळीची एरियल, बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका. शॉर्टवेव्हचा आवाज आयनांबराला आपटून खाली यायचा, त्यामुळे तो लाटेसारखा जवळ यायचा, दूर जायचा, नेमका अंतऱ्याला बुडायचा. मीडियम वेव्हवर गावात कुठे वीज चमकली, शेजाऱ्यांनी ट्यूबलाइट लावली, रस्त्यावरून स्कूटर गेली, तरी कडकड. त्या खरखरीत निदान काहीतरी जास्तीचं मिसळलेलं असायचं, गाणं तिच्याखाली शाबूत असायचं, कान नेटाने लावला की सापडायचं. माझ्या खरखरीत गाण्यातला तुकडाच गेलेला होता. बाबांना याने फरक पडत नाही. जे आलं नाही ते ते मनाशीच भरून घेतात, आणि तेही इतक्या सहज, की आपण काही भरलं हे त्यांच्या गावीही नसतं. मला विचाराल तर आमच्या घरातला सगळ्यांत मोठा बफर म्हणजे बाबाच.

पाइपवायर दुरुस्त झाल्याचं मी त्यांना मुद्दाम सांगितलं. ‘‘बरं केलंस,’’ म्हणाले, पण बातम्या लावल्यावर चेहऱ्यावर काही फरक दिसला नाही.

एक टक् मात्र राहिला आहे. चिप झोपेतून उठतानाचा, सुरुवातीचा. तो घालवणं सोपं आहे, आवाजाच्या चिपची वीजबचत बंद करायची, झालं. पण बॅटरी आधीच म्हातारी आणि शिवाय बाबांना आता त्याची सवय लागली आहे. ‘टक्’ ऐकू आला की ते स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन निघतात आणि ‘प्रादेशिक बातम्या’ हे शब्द येईपर्यंत खुर्चीत बसलेले असतात.