तुम्ही विचारलंत म्हणून: रणात गाईड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. पुण्याची मावसबहीण, ठाण्याचे व्याही, इथले दांडिया बाजारातले शेजारी, सगळ्यांचं विचारणं एकच. "कच्छच्या रणात जायचं चाललंय. गाईड घ्यावा, की गाडी काढून आपलं आपण फिरावं?" बडोद्याहून आम्ही रणात बऱ्याचदा जातो हे घरच्यांना ठाऊक आहे, म्हणून माझ्याकडे विचारणा होते. फोनवर दोन वाक्यांत सांगितलं की उत्तर अर्धवट राहतं. आज नीट लिहिते.

रण म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जैसलमेरची वाळू येते. कच्छचं रण तसं नाही. ही खाऱ्या चिखलाची सपाट जमीन आहे. पावसाळ्यात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी तिच्यावर पसरतं, हिवाळ्यात ते आटत जातं आणि वर मिठाचा थर उरतो. वरचं कवच टणक दिसतं, पण खाली कित्येक महिने ओल असते. त्यामुळे खर्च किती, हिंमत किती, सोबत मुलं आहेत का, हे प्रश्न मी नंतर विचारते. आधी विचारते, नक्की कुठे जायचंय? मोठ्या रणात की छोट्या? मोठ्या रणाकडच्या धोरडोला, धोळावीराला, की छोट्या रणाच्या काठच्या दसाड्याला? प्रत्येक ठिकाणी माझं उत्तर वेगळं असतं.

धोरडोचं पांढरं रण ज्यांना पाहायचंय त्यांना मी बिनदिक्कत सांगते, आपलं आपण जा. बडोद्याहून सयाजीनगरी एक्स्प्रेसने रात्रीत भूज गाठता येतं. भूजहून धोरडो साधारण ऐंशी किलोमीटर आणि रस्ता उत्तम. हा सरहद्दीचा मुलूख असल्यामुळे परवाना लागतो. तो ऑनलाइन काढता येतो, ओळखपत्र मात्र जवळ ठेवा. वाटेत भिरंडियाराला थांबून मावा खा. बन्नीच्या गवताळ प्रदेशातल्या म्हशींचं दूध आहे ते, आणि त्या म्हशींचे कळप रस्त्यावर आडवे आले तर हॉर्न न वाजवता थांबा. पुढे रणाच्या काठापर्यंत वाट आखलेली आहे, टेहळणीचा मनोरा आहे, हजारो माणसं असतात. इथे हरवायला जागाच नाही. गाईड तुम्हाला काय सांगणार? मीठ पांढरं आहे हे दिसतंच.

उलट इथे गाईडबरोबर किंवा पॅकेजमध्ये गेलं की एक नुकसान होतं, ते वेळेचं. सगळ्यांना सूर्यास्ताला नेतात, तास-दीड तास फोटो होतात आणि जेवणाची वेळ झाली म्हणून परत आणतात. पांढऱ्या रणाला खरं तर काही न करता बसायला लागतं. संध्याकाळी एकदा आणि सकाळी पुन्हा एकदा जा. त्याच जमिनीचा रंग सकाळी निळसर असतो आणि दुपारी डोळे उघडे ठेवता येत नाहीत, हे तिथे थांबल्याशिवाय कळत नाही. नोव्हेंबरमध्ये गेलात तर अजून पाणी असण्याची शक्यता असते. मिठाचा कोरडा पसारा हवा असेल तर डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारी बरा. ज्यांच्याबरोबर ऐंशीच्या पुढचे आई-वडील आहेत त्यांनी तंबूंचं पॅकेज जरूर घ्यावं, त्यात गैर काही नाही.

काळा डुंगरही तसाच, आपलं आपण जाण्याचा. कच्छमधलं हे सर्वांत उंच ठिकाण, 462 मीटर. वर दत्ताचं देऊळ आहे आणि आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसादाचा भात घालतात. आमच्या घरात गुरुवारी दत्ताची आरती होते, म्हणून माझे सासरे तिथे फार रमले. ते देवळात बसून राहिले आणि आम्ही कठड्याशी उभे राहून खालचं रण पाहत राहिलो. तिथे कुणी घाई करणारं सोबत नव्हतं, याचं मला आजही समाधान वाटतं.

धोळावीराला मात्र माझं उत्तर बदलतं. खावड्याकडून धोळावीराला जाणारा रस्ता रणाच्या अंगावरून सरळ जातो, दोन्ही बाजूंना पाणी किंवा मीठ. तो रस्ता स्वतःच्या गाडीने करा, हव्या तिथे थांबा, रोहित पक्षी दिसले तर उतरून बघा. वाटेत दुकान, टपरी काही नाही म्हणून भूजहून निघतानाच टाकी भरा आणि पाणी भरपूर घ्या. पण धोळावीरा ज्यावर आहे त्या खडीर बेटावर पोचलात, पुरातत्त्व खात्याचं फाटक ओलांडलंत, की तिथून पुढे माणूस बरोबर घ्या.

कारण तिथे हडप्पा संस्कृतीतल्या शहराचे अवशेष आहेत, आणि ते पाहताक्षणी कळत नाहीत. पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशींनी 1960च्या दशकात हे स्थळ शोधलं, 1990च्या सुमारास रवींद्रसिंह बिश्तांच्या देखरेखीखाली मोठं उत्खनन सुरू झालं आणि 2021मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. एवढं फलकावर वाचता येतं. पण मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांवर बांध घालून शहराच्या भोवती पाणी कसं फिरवलं होतं, एक तलाव भरला की पाणी दुसऱ्यात कसं जात असेल, बालेकिल्ल्यावर पडलेला पाऊससुद्धा दगडी गटारांतून कसा साठवला जात होता, हे कुणी तरी हाताने दाखवल्याशिवाय नुसते दगड दिसतात. उत्तरेच्या दरवाज्यापाशी दहा मोठी चिन्हं असलेली पाटी सापडली, ती जागा तुम्ही एकट्याने ओलांडून जाल आणि कळणारही नाही.

आजूबाजूच्या गावांतल्या कित्येकांनी त्या उत्खननात मजुरी केली आहे. अशी माणसं भेटली तर त्यांनाच बरोबर घ्या. आमच्या सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानेही कच्छमध्ये शिकारपूरला खोदकाम केलंय, त्यामुळे बडोद्यात या विषयावर बोलणारी शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात. तरीही धोळावीराच्या तलावाच्या पायऱ्यांवर उभं राहून ज्याने गाळ उपसलाय त्याच्या तोंडून ऐकणं निराळं. "ही पायरी निघाली तेव्हा खाली अजून किती आहेत कुणालाच माहीत नव्हतं," असं एकजण म्हणाला होता. पाच हजार वर्षांपूर्वीचं शहर त्या वाक्याने मला जितकं जवळ आलं तितकं कुठल्या फलकाने आलं नाही.

आता छोटं रण. याच्यासाठीच मी हे लिहायला बसले.

छोटं रण आपल्याला जवळचं. बडोद्याहून अहमदाबाद, विरमगाम करत दसाडा-झैनाबादला साधारण दोनशे किलोमीटर. जवळ आहे म्हणूनच लोकांना वाटतं, आपली मोठी गाडी आहे, मोबाईलवर नकाशा आहे, घालू या आत. याला माझं उत्तर ठाम नाही असं आहे. इथे गाईड हवाच, आणि तो रणकाठच्या गावातलाच हवा.

कारण सांगते. छोट्या रणात रस्ता नसतो. चाकोऱ्या असतात आणि त्या दर वर्षी बदलतात. पावसाळ्यात हे सगळं पाण्याखाली जातं, गेल्या वर्षीच्या खुणा पुसल्या जातात. पाणी ओसरल्यावर अगरिये, म्हणजे मीठ पिकवणारी कुटुंबं, मुलाबाळांसह आत जातात आणि त्या कोऱ्या जमिनीवर आपापली जागा पुन्हा शोधून काढतात. विहीर खणून जमिनीखालचं खारं पाणी उपसतात, वाफे बांधतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतात. तुम्हाला दिसणारी चाकोरी कदाचित अशाच एखाद्या मिठागराकडे जाते आणि तिथेच संपते. क्षितिजावर झाड नाही, खांब नाही, आणि दुपारी सगळीकडे मृगजळ. दूरची बेटं, म्हणजे रणातले उंचवटे, अधांतरी तरंगताना दिसतात. दिशा राहत नाही.

एकदा जीपमधून जाताना आमचे दसाड्याचे चालककाका अचानक थांबले. समोरची जमीन मला मागच्यासारखीच कोरडी, भेगाळलेली दिसत होती. माझा मुलगा म्हणाला, "काका, सरळ जाऊ ना, पक्षी तिकडेच आहेत." ते म्हणाले, "आगळ नहीं जवाय, भाई. नीचे कादव छे." पुढे जाता येणार नाही, खाली चिखल आहे. मग खाली उतरले, टाच रोवून दाबली, आणि त्या खड्ड्यात काळसर ओल वर आली. ते दाखवत होते तो रंगातला फरक मी डोळे ताणूनही ओळखू शकले नाही. लहानपणापासून त्या जमिनीवर चाललेल्या माणसाला तो दुरून दिसतो. त्यांच्याकडे कुठलं छापील ओळखपत्र नव्हतं, पण त्यांच्यापेक्षा अधिक जाणता माणूस त्या दिवशी मला मिळाला नसता याची मला खात्री आहे.

दुसरं कारण घुडखर. ही रानगाढवं भारतात आता याच भागात उरली आहेत. 1960च्या दशकाच्या शेवटी रोगराईने त्यांची संख्या काहीशांवर आली होती. 1970च्या दशकात अभयारण्य झालं, आणि 2024च्या गणतीत ती 7,672 भरली. हे सहज घडलेलं नाही. त्यांच्या मागे गाडी पळवली की ती पळतात, अगदी गाडीच्या वेगाने पळतात, आणि पाहणाऱ्यांना मजा वाटते. त्यात गाभण मादी असते, शिंगरू असतं. चाकांखाली जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. अभयारण्याचा परवाना काढून, स्थानिक जीपने, ठरल्या वाटेने गेलं तर हे टळतं. मात्र प्रत्येक जीपवाला तसाच असतो असंही नाही, म्हणून मी फोनवर ठरवतानाच एक प्रश्न विचारते. "घुडखर किती जवळून दाखवाल?" "अगदी जवळ नेतो, पळवून दाखवतो," असं उत्तर आलं की मी दुसरा नंबर लावते. "ती उभी राहतील तितक्या जवळ," असं सांगणारा माणूस माझा.

गाईडने बडबड केली पाहिजे असंही मला वाटत नाही. उत्तम गाईड बराच वेळ गप्प असतात. जीप बंद करतात, थांबतात, बोट दाखवतात. आणि त्यांना सांगता येतं, "आम्हाला इथे अर्धा तास बसायचंय." ते आनंदाने बसतात. सोबत माणूस घेतला म्हणजे आपलं स्वातंत्र्य गेलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा मोकळेपणाने सांगून पाहावं.

अगरियांच्या झोपडीपाशी नेतील तेव्हा एवढं करा. वाफ्यात पाय घालू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, चहा दिला तर घ्या. गोडं पाणी तिथे टँकरने येतं, तेव्हा त्या चहाची किंमत ओळखून प्या. त्यांच्याकडून मिठाचे मोठे खडे मिळाले तर विकत घ्या. आपल्या ताटातल्या मिठामागे किती उन्हं सोसलेली असतात हे मुलांना तिथे जितकं समजतं तितकं घरी सांगून समजत नाही.

हस्तकलेच्या गावांसाठी, निरोणा असो की अजरखपूर, गाईड नको. काही जण ठरलेल्या दुकानातच नेतात आणि कारागिराच्या घरापर्यंत आपण पोचतच नाही. गावात उतरून विचारलं तरी लोक घर दाखवतात.

शेवटी नेहमीचा पुढचा प्रश्न. "आमच्याकडे शनिवार-रविवारच आहे, मग?" मग धोरडो सोडा आणि दसाड्याला जा. शनिवारी पहाटे बडोद्याहून निघालात तर जेवायच्या आधी पोचाल. एक फेरी त्याच दिवशी दुपारी उन्हं उतरल्यावर, दुसरी रविवारी उजाडताना. थंडीचे कपडे घ्या, उघड्या जीपमध्ये जानेवारीचा वारा बोचतो. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा ते दिवस टाळा. जिथे उतरणार त्यांनाच जीप आणि परवान्याचं सांगून ठेवा, आणि तुमची गाडी कितीही चांगली असली तरी ती अंगणात उभी करून त्यांच्या जीपने आत जा.