आज प्लंबरशी चांगलंच वाजलं

खालच्या काकूंच्या छताला आमच्या बाथरूममधून ओल उतरतेय म्हणून बोलावलं, तर आत डोकावून लगेच म्हणाला सगळ्या टाइल्स फोडायला लागतील, २२ हजार. अहो दादा, आधी नहाणीचं तोंड बंद करून पाणी साठवून बघा तरी गळतंय कुठून! मजुरी वेगळी, मटेरियल वेगळं असं कागदावर लिहून द्या म्हटलं तर "विश्वास नाय का ताई" म्हणत तडक निघून गेला. मेहनतीचे पैसे द्यायलाच हवेत, उकिडवं बसून छिन्नी चालवणं सोपं नाही, पण कारण न शोधता फोडाफोडी कशाला? संध्याकाळी दुसरे आले, त्यांनी फरशीच्या सांध्यातलं भुगा झालेलं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी (पाणी झिरपू न देणारा, घट्ट बसणारा भराव) भरलं, सगळं मिळून ३२०० आणि बिलपण दिलं. उद्यापर्यंत पाणी टाकू नका म्हणालेत.