रोडगा अडकला तेव्हाच कळायला पाहिजे होतं

आमच्या विदर्भात वरुड साइडला हिवाळ्यात वावरात रोडग्याचा स्वयंपाक असतो. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले गव्हाच्या कणकेचे रोडगे, फोडून वर तूप, सोबत वांग्याची भाजी अन् वरण. कॉलेजात असताना अशाच एका पंगतीत माझ्या गळ्यात रोडगा अडकला, खाली जाईना की वर येईना, पाणी प्यायलो तर तेपण परत आलं, चुलतभाऊ पाठीत बुक्क्या मारतोय, 'काऊन बे, गयात अडकला का, हयू खा ना!' पंधरा मिनिटांनी आपोआप उतरला, सगळे हसले, मीपण हसलो.

मग सवयच लागली. बारीक घास, ढीगभर चावणं, प्रत्येक घासाला पाणी, पंगतीतून सगळ्यात शेवटी उठणं. घरचे म्हणायचे नवरदेवासारखा जेवते. गावाकडच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, अधूनमधून बरं वाटायचं त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

इकडे जर्मनीत आल्यावर तिसऱ्या वर्षी कॅन्टीनमध्ये चिकनचा तुकडा अडकला, या वेळी थुंकीपण गिळता येईना. इमर्जन्सीत दुर्बीण टाकून काढला आणि डॉक्टरांनी लगेच अन्ननलिकेचे छोटे तुकडे तपासायला घेतले, हे त्यांनी केलं म्हणून सापडलं. इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. म्हणजे दमा-सर्दीवाली ॲलर्जी असते ना, तसलीच सूज अन्ननलिकेत, वर्षानुवर्षं. सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी दिसणाऱ्या भागात 15 किंवा जास्त इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसल्या की संशय पक्का होतो. मला फोटो दाखवला, विहिरीवरच्या मोटरच्या सक्शन पाईपला कशा रिंगा असतात, अगदी तशी दिसत होती माझी अन्ननलिका.

आता मुद्द्याचं. मला वाटलं आवळलेली अन्ननलिका ताणून मोठी केली की संपलं. तर डॉक्टर म्हणाले सूज आधी, ताणणं नंतर, आणि ताणून सूज जात नाही. सूज तशीच राहिली तर नळी परत आवळते, आणि निदानाला जितका उशीर तितकं आत वण धरून कडक होत जातं. मग ब्युडेसोनाइड नावाच्या स्टेरॉइडची जिभेवर विरघळणारी गोळी, दिवसातून दोनदा, थुंकीबरोबर हळूहळू गिळायची आणि अर्धा तास पाणीपण नाही. स्टेरॉइड म्हटल्यावर आई फोनवर रडायलाच लागली, पण ही मुख्यतः अन्ननलिकेच्या आतल्या बाजूवरच काम करते, तोंडात पांढरी बुरशी मात्र येऊ शकते, मला आलीच एकदा. काहींना ॲसिडिटीच्याच गोळीने सूज उतरते, काहींना डुपिलुमॅबचं इंजेक्शन लागतं, ते अमेरिकेत 2022 मध्ये या आजारासाठी मंजूर झालं.

सूज उतरली तरी नळी 11 मिलिमीटरच रुंद होती. 13 च्या खाली असली की घट्ट घास अडकतोच म्हणे. मग झोपेचं औषध देऊन दुर्बिणीतून फुगा टाकायचे, थोडा फुगवायचे, आत चीर किती पडली बघायचे आणि त्या दिवशी तिथेच थांबायचे. घाई नाही. तीन वेळा करून 16 पर्यंत आलो. पहिल्या वेळी दोन दिवस छाती अशी दुखली की गिळताना डोळ्यांत पाणी, ते बऱ्याच जणांना होतं, पण ताप आला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा दुखणं वाढतच गेलं तर लगेच दवाखाना, कारण क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी वेळा, नळी फाटू शकते.

नंतर कारण शोधायला दूध आणि गहू बंद. रक्ताच्या आणि त्वचेच्या ॲलर्जी टेस्टवरून यात नेमकं कळत नाही, पदार्थ बंद करा, दोन-अडीच महिन्यांनी दुर्बीण, एक परत सुरू करा, परत दुर्बीण, असा कंटाळवाणा प्रकार. माझा निघाला गहू! आई म्हणे, 'आपल्या वावरातला गहू कसा बाधीन तुले?' दूध परत सुरू झालं, तूपपण, रोडगा मात्र गेला.

या डिसेंबरात गावी होतो. पंगतीत मला ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी, पोट्टे हसतायत, आणि समोर आमचे धाकटे काका, दम्याचे जुने पेशंट, प्रत्येक घासाला तांब्या तोंडाला लावतायत, सगळे उठले तरी अर्धा रोडगा पत्रावळीवर तसाच. हा आजार एकाच घरात दोघा-तिघांना असू शकतो. मी बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाले, 'मले तर बावा लहानपणापासून असंच हाय.' नागपूरला दुर्बिणीने तपासून घ्या म्हटलं, आणि तुकडा काढून तपासायला सांगा, नुसतं बघून सोडू देऊ नका.

'कापूस निघू दे,' म्हणाले. मी होळीनंतरची अपॉइंटमेंट घेऊनच विमानात बसलो.