साडेपाच सेकंद

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दुपारी जेवताना दादाच्या धाकटीने विचारले, "आत्या, पॅराशूट तूच उघडलंस ना?" आणि मी भात कालवता कालवता "हो" म्हणाले. एवढेच घडले. वहिनीने तिच्या ताटात पापड वाढला, दादाने विमानाच्या भाड्याचा विषय काढला आणि बोलणे पुढे गेले. मी मात्र त्या "हो"पाशीच अडून राहिले आहे. धाकटी आज इथेच राहिली आहे, आतल्या खोलीत माझ्या आईच्या कुशीत झोपली आहे, आणि मी स्वयंपाकघरातला दिवा लावून हे लिहायला बसले आहे.

पॅराशूट मी उघडले नाही.

थायलंडमध्ये विमानातून उडी घेऊन परतले त्याला बारा दिवस झाले आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. ऑफिसात सगळ्यांनी हात मिळवले, सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली, आईने शेजारी पेढे दिले. पण यांपैकी कोणीही मला हा प्रश्न विचारला नव्हता, त्यामुळे नुसते गप्प राहून भागत होते. आईने तर येणाऱ्याजाणाऱ्याला पुण्याच्या शीतल महाजनांची गोष्ट सांगण्याचा परिपाठच ठेवला आहे. त्यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०१८ मध्ये थायलंडमध्येच नऊवारी नेसून उडी घेतली, हे सगळे सांगून झाले की "आणि आता आमची ही" म्हणून ती माझ्याकडे पाहते. त्या बाईंची ध्रुवावरची उडी ही आयुष्यातली पहिलीच उडी होती. पहिली उडी माझीही होती. त्यांच्या नावाला जोडून माझा उल्लेख झाला की मला तिथून उठून जावेसे वाटते.

नेमके काय झाले ते एकदा नीट लिहून काढते.

उडीच्या आदल्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवरचे शिक्षण झाले. चाके लावलेल्या फळीवर पोटावर झोपायचे, कंबर खाली रेटायची, हनुवटी वर, हातपाय मोकळे आणि मागे. अशी कमान झाली की शरीर हवेत उलटेपालटे होत नाही. बॅडमिंटनचे फूल जसे कसेही मारले तरी बुचाकडूनच खाली येते, तसे माणूस पोटाकडून खाली येत राहते. दोन्ही बाजूंनी एकेक प्रशिक्षक आपल्याला धरून असतो. आकाशात आवाज ऐकू येत नाही म्हणून सगळे बोलणे हातांच्या खुणांनी चालते. दोन सरळ बोटे म्हणजे पाय लांब कर, हात सैल हलवला म्हणजे अंग मोकळे सोड, आणि एक सरळ बोट म्हणजे उघड. ही शेवटची खूण त्या दिवशी मी किती वेळा ओळखली असेल याला गणती नाही. १३,००० फुटांवर विमान सोडायचे, क्षितिज पाहायचे, मनगटावरचा उंची दाखवणारा अल्टिमीटर पाहायचा, डावीकडच्याकडे पाहायचे, उजवीकडच्याकडे पाहायचे, तीन वेळा हात मागे नेऊन उजव्या कमरेमागची मूठ चाचपायची, आणि ५,५०० फुटांवर ती खेचून बाहेर फेकायची, की छोटी छत्री वारा धरते आणि मोठीला ओढून काढते.

याचा सराव मी जाण्यापूर्वी दोन महिने आमच्या लिफ्टमध्ये केला होता. जाळीच्या दाराची ही जुनी लिफ्ट एक मजला उतरायला साधारण साडेपाच सेकंद घेते. पडण्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावला की माणूसही दर साडेपाच सेकंदांना साधारण १,००० फूट खाली येतो. हा हिशेब जुळला तेव्हा मला फार आनंद झाला होता. सातवा मजला म्हणजे १२,००० फूट, आणि पहिला मजला जाळीतून वर सरकला की पुढच्या अर्ध्या मजल्यात हात मागे गेला पाहिजे. रोज ऑफिसला जाताना मी ते केले. पाचव्या मजल्यावरच्या आजींनी एकदा "कंबर धरली का गं?" म्हणून आस्थेने विचारले आणि निर्गुडीचे तेलही आणून दिले. लिफ्टमध्ये माझा हात एकदाही चुकला नाही.

आकाशातही तो सुरुवातीला चुकला नाही, हेच मला जास्त लागते. विमानाच्या दाराशी गुडघे कापत होते, पण "अप, डाउन, आर्च" मी मोठ्याने म्हटले आणि बाहेर पडले. क्षितिज पाहिले. आकडा पाहिला. तिन्ही वेळा हात मुठीपर्यंत गेला. त्यानंतर काय झाले हे मी दिवसातून दहा वेळा आठवायचा प्रयत्न करते आणि प्रत्येक वेळी तेच आठवते: खाली भाताची खाचरे होती, त्यांतल्या एका खाचरात पाणी साठले होते आणि त्या पाण्यात सूर्य दिसत होता. मी त्याकडे पाहत राहिले. उजवीकडच्या प्रशिक्षकाचे बोट माझ्या तोंडापुढे आले. मला ते स्पष्ट दिसले. नखाच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा होता, तोसुद्धा दिसला. पण ते बोट म्हणजे काय, ते मला कळले नाही. भीती वाटली असती आणि हात गोठला असता तर मी ते समजू शकले असते. भीती तेव्हा अजिबात नव्हती. एक बोट होते, आणि त्याचा माझ्याशी काही संबंध आहे हे माझ्या लक्षातच आले नाही. मग खांद्यांना हिसका बसला, पाय खाली आले, आणि इतकी शांतता पसरली की मला माझाच श्वास ऐकू आला.

उजवीकडच्या प्रशिक्षकाने माझ्या वहीत दोन ओळी लिहिल्या. कमान चांगली. उंचीचे भान गेले, ही पायरी पुन्हा करावी लागेल. दुसऱ्या दिवशी ढग उतरले, तिसऱ्या दिवशीही विमान उडाले नाही, आणि माझी सुट्टी संपली.

चव्वेचाळीस वर्षांत मी स्वतःसाठी एवढा खर्च कधी केला नव्हता. दोन वर्षे दर महिन्याला पैसे बाजूला टाकले, आईला पटवले, रजा मागितली, आणि जिथे फक्त एक हात मागे न्यायचा होता तिथे तो माझा नव्हता. असे माझ्याच बाबतीत का व्हावे? बाबांच्या वेळीही तो कागद पहिल्यांदा माझ्यासमोर ठेवला होता, पेनही माझ्याच हातात होते, आणि सही दादाने केली. पण ते आज नको.

मला पुन्हा पुन्हा टोचते ते हे, की मी "हो" किती सहज म्हणाले. विचार करून खोटे बोलले असते तर निदान त्या क्षणी मी जागेवर होते असे म्हणता आले असते. बोट समोर आले तेव्हाही मी जागेवर नव्हते आणि तिचा प्रश्न समोर आला तेव्हाही नव्हते. धाकटी माझ्याकडे किती विश्वासाने पाहत होती. व्हिडिओ दाखव म्हणून ती संध्याकाळपासून मागे लागली होती, आणि तो अजून आलेला नाही असे मी तिला सांगितले. म्हणजे एका दिवसात दोन झाली. व्हिडिओ परतले त्याच आठवड्यात आला होता. तो फोनमध्ये आहे आणि बोट दिसते तिथपर्यंतच मी तो पाहिला आहे.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी, कारण तीही खरी आहे. पाठीवरच्या पिशवीत राखीव पॅराशूटजवळ एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. कोणीच काही केले नाही आणि पडण्याचा वेग तसाच राहिला, तर साधारण ७५० फुटांवर ती पेटी एक बारीक पाते चालवून राखीव पॅराशूट बांधून ठेवणारा दोरा कापते. अशी पेटी जर्मनीत तयार झाली आणि १९९१ पासून वापरात आली. शिकवताना त्यांनी ती हातात देऊन दाखवली होती, आणि मला तेव्हा ती केवळ यंत्र वाटली होती. आता वाटते, माणसाचा हात कधी कधी जागचा हलत नाही, हे ती बनवणाऱ्यांना ठाऊक होते. पहिल्या उडीला दोन्ही बाजूंना माणसे देण्याचा नियम ज्यांनी केला त्यांनाही ते ठाऊक होते. माझ्यासारखे पुष्कळ जण त्यांनी पाहिले असले पाहिजेत.

आई पाणी प्यायला उठली होती. दिवा पाहून इकडे आली, "झोपली नाहीस?" म्हणाली, आणि मी तिला सगळे सांगून टाकले. मला वाटले होते ती म्हणेल, असू दे, पुढच्या वेळी. ती थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने विचारले, "मग त्या माणसाच्या हातावर काही ठेवलंस का?"

मला काही कळेना. ती म्हणाली, "अगं, त्याने ओढलं म्हणून तू इथे बसून लिहितेयस. वडी, लाडू, काहीतरी द्यायचं होतंस. तशीच निघून आलीस?"

मी तशीच निघून आले होते. वही घेतली, खाली मान घालून खोलीवर गेले. तो पाठीमागून काही तरी बोलत होता आणि मी वळूनही पाहिले नाही. बारा दिवस मी माझ्या हाताचाच विचार करते आहे, न हललेल्या हाताचा; जो हलला त्याचा एकदाही केला नाही.

आई झोपायला गेल्यावर मी व्हिडिओ उघडला आणि पहिल्यांदा बोटाच्या पुढे गेले. तो डावीकडच्या प्रशिक्षकाच्या मनगटावरच्या कॅमेऱ्यातून घेतलेला आहे. माझे गाल वाऱ्याने फडफडत आहेत आणि मी खाली पाहते आहे. उजवीकडचा माझ्या दंडावर दोनदा थोपटतो, बोट दाखवतो आणि थांबतो. पुन्हा बोट दाखवतो, आणखी जवळ आणून. पुन्हा थांबतो. मग त्याचा हात माझ्या कमरेमागे जातो. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखालची, ऊन न लागलेली पांढरी कातडी दिसते. मी सेकंद मोजले. पहिल्या बोटापासून मूठ खेचेपर्यंत जवळजवळ साडेपाच सेकंद आहेत, म्हणजे ५,५०० फुटांपासून साधारण ४,५०० फुटांपर्यंत. आमच्या लिफ्टचा एक मजला. तेवढा वेळ तो माझ्या हाताची वाट पाहत होता. त्याला पहिल्या क्षणालाच ओढता आले असते.

आणखी एक. छत्रीखाली पाच मिनिटे मी एकटी होते. हेल्मेटमधल्या रेडिओवर आवाज यायचा, डावे वळण, आता सरळ, आणि जमीन अगदी जवळ आल्यावर "फ्लेअर" म्हणताच मी दोन्ही दोऱ्या कमरेपर्यंत खेचल्या आणि पाय जुळवून टेकले. ते दोन्ही हात माझेच होते. हे मला आत्तापर्यंत आठवलेही नव्हते.

सोमवार, सकाळ

धाकटीला उठवून, दूध देऊन, सांगितले. मी काल खोटे बोलले, पॅराशूट मी उघडले नाही, माझ्या उजवीकडे जे काका होते त्यांनी उघडले, आणि व्हिडिओही आलेला आहे. ती रागावेल अशी माझी तयारी होती. तिने दुधाची मिशी मनगटाने पुसली आणि म्हणाली, "कुठे? दाखव."

आम्ही दोघी खिडकीशी बसलो. आई नारळ खवत होती. डिसेंबरात मी पुन्हा जाईन तेव्हा न्यायच्या वड्यांचे प्रमाण ती आत्तापासून करून पाहणार आहे. बोट आले तसा मी व्हिडिओ थांबवला, मग हळूहळू पुढे नेला. धाकटीने आपले बोट काचेवर टेकवले, त्या पांढऱ्या पट्ट्याच्या मनगटावर.

"हा?"

"हा."

"आणि तू तेव्हा काय बघतेयस?"

मी तिला खाचरातल्या पाण्यात दिसलेला सूर्य सांगितला. व्हिडिओत तो कुठेच दिसत नाही. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा सुरुवातीपासून लावला.