उलटा दगड आणि एक चिठ्ठी

स्काउट-गाइडच्या जिल्हा मेळाव्यात संचलन, तंबू सजावट, प्रवेशद्वाराची उभारणी, शेकोटी आणि बिनभांड्याचा स्वयंपाक यांचा गाजावाजा मोठा असतो. हाईककडे, म्हणजे होकायंत्र आणि मार्गखुणांच्या आधारे करायच्या पदभ्रमणाकडे, मात्र पाहुणे सहसा फिरकत नाहीत, कारण तेथे पाहण्यासारखे काही नसते. मुले सकाळी निघून जातात आणि दुपारी परत येतात. स्काउटिंगमधील बहुतेक गोष्टी मोठ्यांच्या नजरेसमोर करून दाखवता येतात, पण मोठे माणूस जवळ नसताना संघ, म्हणजे मुलांचा लहान गट, काय करतो हे कळण्याची जागा हाईकइतकी दुसरी नाही. जिल्हा गाइड संघटक म्हणून मेळाव्याचा सगळा कागदी पसारा माझ्याकडे असतो. तरीही हाईकची आखणी मी शक्यतो दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. एका वर्षीच्या मेळाव्यातील हाईकची सकाळ आणि त्यानंतरची गुणांची बैठक यांविषयी येथे लिहीत आहे.

आमच्या मेळाव्यात स्काउट आणि गाइड एकाच मार्गावर, एकाच गुणपत्रकावर हाईक करतात. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी अस्तित्वात आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड चळवळही तिच्यात सामील झाली. तरी मुले आणि मुली यांच्या स्पर्धा वेगळ्याच असाव्यात, असे म्हणणारे आमच्यात अजून आहेत. त्या वर्षी आणखी एक अडचण होती. काही शाळांच्या पथकांतून पुरेशा मुली आल्या नव्हत्या, म्हणून चार शाळांच्या आठ मुली एकत्र करून आम्ही ‘जाई’ नावाचा एक मिश्र संघ केला. गाइडच्या संघांना फुलांची नावे असतात आणि स्काउटच्या संघांना पशुपक्ष्यांची, हे वाचकांना ठाऊक असेलच. एकमेकींना न ओळखणाऱ्या मुलींचा संघ टिकणार नाही, अशी शंका त्यांच्यातल्याच दोन शाळांच्या गाइड कॅप्टननी, म्हणजे पथक चालवणाऱ्या मार्गदर्शिकांनी, बोलून दाखवली. मला ती फारशी पटली नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले शिबिर घेतले, तेव्हा त्यांनीही अगदी निरनिराळ्या घरांतली आणि शाळांतली मुले चार संघांत मिसळून टाकली होती. संघ ओळखीने उभा राहत नाही, कामाच्या वाटणीने उभा राहतो, असे माझे मत आहे.

हाईकचा मार्ग चार चेकपोस्टमधून जाणारा होता. प्रत्येक संघाकडे मार्गपत्रक, होकायंत्र, दोरी, प्रथमोपचार पेटी आणि शिट्टी होती. पहिल्या तीन चेकपोस्टवर गाठी, प्रथमोपचार आणि झाडाची उंची अंदाजाने काढणे अशी कामे होती. तिसऱ्या चेकपोस्टवर, एका एकट्या उंच झाडाखाली, चिठ्ठी मिळणार होती: ‘येथून ६० अंशांवर ठरावीक पावले चाला, तेथून मार्गखुणांनी जा.’ मार्गपत्रकाच्या वरच्या भागात सर्वसाधारण सूचना होत्या आणि त्यांतली एक अशी होती की, तिसऱ्या चेकपोस्टनंतर नाला सतत डाव्या हाताला ठेवावा, तो ओलांडू नये. खुणा रोव्हरनी, म्हणजे वयाने मोठ्या तरुण स्काउटनी, आदल्या संध्याकाळी मांडल्या होत्या आणि पहाटे पुन्हा फिरून त्या तपासल्याही होत्या. दगडांचा बाण म्हणजे ‘या दिशेने’, फुली म्हणजे ‘या दिशेने नाही’, चौकटीतला आकडा आणि बाण म्हणजे ‘तितक्या पावलांवर निरोप लपवला आहे’, आणि वर्तुळातील टिंब म्हणजे ‘मी घरी गेलो’. प्रवेश आणि प्रथम सोपान या सुरुवातीच्या टप्प्यांतील मुलांनाही ह्या खुणा पाठ असतात.

पहिला संघ सकाळी सातला निघाला आणि त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी एकेक. जाई संघ पाचवा होता. मी तळावर फोन घेऊन बसले होते. चौथ्या चेकपोस्टवरून पहिल्या दोन संघांची नोंद वेळेवर आली. तिसऱ्याची साडेनऊच्या सुमारास यायला हवी होती, ती आली नाही. चौथ्याचीही वेळ टळली. हाईकमध्ये एखादा संघ पाच-दहा मिनिटे मागे पडणे नेहमीचे आहे, पण लागोपाठ दोन संघ एकाच टप्प्यात नाहीसे होतात तेव्हा दोष मुलांचा नसून मार्गाचा असतो, हे अनुभवाने कळते. मार्गावर शोधासाठी रोव्हर पाठवायचे मी ठरवत होते, तेवढ्यात दहाच्या सुमारास तिसऱ्या चेकपोस्टवरून फोन आला: जाई संघातील दोन मुली चिठ्ठी घेऊन मागे आल्या आहेत.

चिठ्ठी मला फोनवर वाचून दाखवण्यात आली आणि नंतर ती मी फाईलला लावली. तिच्यात असे लिहिले होते: ‘वेळ ९.४०. ठिकाण, तिसऱ्या चेकपोस्टपासून ६० अंशांवर, चिठ्ठीतील पावले पूर्ण. बाणाचा एक दगड उलटा आहे. बाण नाल्यापलीकडे दाखवतो. मार्गपत्रकात नाला ओलांडायचा नाही. पुढे गेलो नाही. बाणाच्या दिशेला काटक्यांची फुली केली आहे. सहा जणी येथे, दोघी तुमच्याकडे. सर्व ठीक. आमच्या पुढचे संघ नाल्यापलीकडे गेले असावेत, ते पाहावे.’

शेवटच्या वाक्यामुळे माझा पुढचा निर्णय बदलला. मी रोव्हरना मार्गावर पाठवणार होते. ते मार्गाने गेले असते, तर कोणालाच भेटले नसते. त्यांना थेट नाल्यापलीकडे वळवले. चौथा संघ थोड्याच वेळात सापडला. पुढची खूण दिसेना म्हणून ती मुले एका ठिकाणी थांबून राहिली होती, आणि तेच योग्य होते. तिसरा संघ बराच पुढे बैलगाडीच्या वाटेला लागला होता. तो पावणेअकराला मिळाला. कोणालाही इजा झाली नव्हती.

त्या जागी नेमके काय घडले, हे मी नंतर मुलींकडून सविस्तर विचारून घेतले. दुसरा संघ गेल्यानंतर आणि तिसरा येण्याआधी तेथून गुरे गेली होती. आजूबाजूला खुरांचे ठसे होते. त्यांच्या पायांनी बाण विस्कटला, पण दुर्दैवाने तो पूर्ण मोडला नाही, फिरला. पूर्ण मोडला असता तर तिसरा संघही थांबला असता. अर्धवट विस्कटलेला बाण अजूनही बाणच दिसत होता. जाई संघातील सर्वांत लहान मुलीच्या लक्षात आले की, टोकाच्या एका दगडाची मातीकडची बाजू वर आहे आणि वीतभर अंतरावर दगडाच्या आकाराचा ओलसर काळा खळगा आहे. चोवीस वस्तू एक मिनिट पाहून त्यांपैकी निदान सोळा आठवून लिहायच्या, हा किम्स गेम आम्ही पथकांत वर्षानुवर्षे खेळवतो. पालकांना तो वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो.

संघनायिकेने लगेच कोणताही निष्कर्ष काढला नाही. आपण चुकीच्या जागी तर आलो नाही ना, हे तिने आधी तपासले. ६० अंशांवर चालून आलो असू, तर उलट दिशेचे माप २४० अंश यायला हवे आणि त्या रेषेत तिसऱ्या चेकपोस्टचे झाड दिसायला हवे. ते दिसले. याचा अर्थ जागा बरोबर होती आणि बाण चुकीचा होता. यानंतर संघात मतभेद झाला, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संघनायिकेचे म्हणणे होते की, खळग्यावरून मूळ बाण कसा असेल हे कळतेच आहे, तर तो नीट करून पुढे जावे. उपसंघनायिका म्हणाली की, आपला अंदाज बरोबर असेलही, पण आपण मांडलेली खूण मागच्या संघांना आयोजकांची वाटेल आणि अंदाज चुकला तर सगळेच चुकतील. फुली मात्र करता येईल, कारण नाल्यापलीकडे जायचे नाही एवढे नक्की आहे. आठही जणींनी पाचेक मिनिटे बसून विचार केला आणि उपसंघनायिकेचे मत स्वीकारले. संकटाची शिट्टी, म्हणजे एक लांब एक आखूड अशी आलटून पालटून वाजवायची, ती त्यांनी वाजवली नाही. विचारल्यावर मिळालेले उत्तर सरळ होते: ‘मॅडम, संकट नव्हतं. ती ऐकून सगळे धावत आले असते.’ निरोप घेऊन एकटीला पाठवायचे नाही, दोघींना पाठवायचे, हेही त्यांनी आपापसात ठरवले.

त्यांच्या मागून येणारे सहावा आणि सातवा हे संघ फुली पाहून तेथेच थांबले. दहा वाजून वीस मिनिटांनी रोव्हर पोहोचला, त्याने बाण पूर्ववत केला आणि सर्व संघ पुढे निघाले. म्हणजे जाई संघाची पंचेचाळीस मिनिटे गेली, सहाव्याची तीस आणि सातव्याची पंधरा.

आमच्या गुणपत्रकाप्रमाणे दर पाच मिनिटांच्या उशिराला एक गुण वजा होतो. संध्याकाळी परीक्षकांची बैठक बसली तेव्हा चित्र असे होते की, फुली करणाऱ्या संघाचे नऊ गुण गेले होते आणि त्या फुलीमुळे वाचलेल्या सातव्या संघाचे तीन. सातवा संघ, म्हणजे स्काउटचा गरुड संघ, पहिला होता आणि जाई त्याच्यापेक्षा आठ गुणांनी मागे.

एका ज्येष्ठ स्काउटरनी, म्हणजे स्काउट पथकाच्या प्रौढ मार्गदर्शकांनी, नियमावर बोट ठेवले. परीक्षकाने थांबवले तरच घड्याळ थांबते. हे संघ स्वतःहून थांबले, तेव्हा वेळ त्यांच्याच खात्यावर. मी त्यांच्या शिस्तीचा आदर करते, पण खूण बिघडली होती आणि खुणेची जबाबदारी मांडणाऱ्यांची होती, हे माझे उत्तर होते. मग दुसरा मुद्दा निघाला आणि तो जास्त अवघड होता. खूण बिघडल्याचा फटका तिसऱ्या आणि चौथ्या संघालाही बसला होता. त्यांनाही वेळेची सवलत द्यायची का? दिली तर बाणामागे डोळे मिटून गेलेला संघ आणि थांबून विचार करणारा संघ एकाच रांगेत येतात. न दिली तर मुलांनी आयोजकांच्या खुणेवर विश्वास ठेवला, याची शिक्षा त्यांना होते. ज्येष्ठ स्काउटरनी येथे स्काउट नियमांतील शिस्तीचा दाखला दिला. पण मार्गपत्रकातली लेखी सूचना पाळणे हीसुद्धा शिस्तच होती. त्या सकाळी दोन आज्ञा एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या होत्या आणि कोणती खरी, हे मुलांना स्वतः ठरवायचे होते.

बैठकीत एकमत होईना, तेव्हा मी हा प्रश्न कोर्ट ऑफ ऑनरसमोर, म्हणजे संघनायकांच्या स्वतःच्या निर्णयसभेसमोर, ठेवला. असे प्रश्न तेथेच सुटावेत यासाठी ती पद्धत आहे, पण आपल्याकडे पुष्कळदा ती केवळ वहीत उरते. मुलांनी अर्ध्या तासात निर्णय केला: थांबलेल्या तिन्ही संघांना त्यांची पूर्ण वेळ परत, आणि तिसऱ्या-चौथ्याला काहीही नाही. तिसऱ्या संघाच्या नायकाने सांगितले की, नाल्याची सूचना त्यांच्यातल्या एकाने वाचून दाखवली होती, पण बाण समोर दिसत असताना कागद कशाला पाहायचा, असे ठरले. गरुड संघाच्या नायकाने मात्र एक गोष्ट ठासून मांडली: फुलीबद्दल जाई संघाला वेगळे बक्षिसाचे गुण द्यायचे नाहीत, कारण गुणपत्रकात तसे सदर नाही आणि गाठींमध्ये त्याच्या संघाने पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्याचे म्हणणे मान्य झाले. नऊ आणि तीन गुण परत मिळाल्यावर जाई संघ दोन गुणांनी दुसरा आला. ढाल गरुड संघाकडे गेली.

हा निकाल मी जसाच्या तसा जाहीर केला, तरी तिसऱ्या आणि चौथ्या संघाला निम्मी सवलत मिळायला हवी होती, असे मला आजही वाटते. चौथा संघ खूण न दिसताच थांबला होता, याचे मोल मुलांनी केले नाही. मुले आपल्या बरोबरीच्यांबाबत मोठ्यांपेक्षा कठोर असतात. एका शाळेच्या शिक्षकांनी लेखी हरकतही घेतली. मी त्यांना कोर्ट ऑफ ऑनरच्या इतिवृत्ताची प्रत पाठवली.

पुढच्या मेळाव्यासाठी मार्गपत्रक बदलले आहे. मुख्य वळणांवर दगडांच्या खुणेसोबत झाडावर, गुरांच्या उंचीच्या वर, दुसरी खूण बांधायची असे ठरले आहे. शिवाय एक वाक्य नव्याने घातले आहे: ‘खूण आणि मार्गपत्रक यांत विसंगती आढळल्यास संघाने थांबावे, वेळ लिहावी, दोघांकरवी मागील चेकपोस्टला निरोप पाठवावा, विसंगती खरी ठरल्यास थांबलेला वेळ धरला जाणार नाही.’ संघनायक प्रशिक्षण शिबिरात निरोप कसा लिहावा हे शिकवताना जाई संघाची चिठ्ठी, नावे झाकून, वाचायला दिली जाते. ज्येष्ठ स्काउटरना नवे वाक्य पसंत नाही. आता थकलेला प्रत्येक संघ विसंगती शोधत बसेल, असे ते म्हणतात. म्हणून ‘विसंगती खरी ठरल्यास’ हे शब्द त्यांच्याच आग्रहाने घातले आहेत, आणि ती खरी की खोटी हे ठरवण्याचे काम मी त्यांच्याकडेच दिले आहे.