प्लास्टर, सोफा आणि सिनेमे

सोमवार

परवा पहाटे नळ आले, बादली घेऊन अंगणात गेले आणि शेवाळावरून घसरले. (इंदुरात आम्ही ‘पाणी आलं’ म्हणत नाही, ‘नळ आले’ म्हणतो. पुण्याची मावशी दर वेळी विचारते, कुठून आले गं?) घोट्याच्या हाडाला बारीक चीर. तीन आठवडे पाय स्टुलावर, मी सोफ्यावर आणि रिमोट माझ्या हातात. आमच्या घरात असा योग पहिल्यांदाच आलाय.

आईने लगेच फर्माइश केली, ‘अशी ही बनवाबनवी’ लाव. 1988 चा सिनेमा, आईला एकूण एक वाक्य पाठ. अशोक सराफ तोंड उघडायच्या आत ही ‘सत्तर रुपये वारले’ म्हणून मोकळी. बघण्यासारखं आता त्यात काही उरलेलं नाही, आईकडे बघायचं. वहिनी उज्जैनची, हिंदी घरातली. तिने तिच्या वडिलांबरोबर लहानपणी ‘बीवी और मकान’ बघितलेला, त्यामुळे भाड्याच्या खोलीसाठी बायका झालेले पुरुष बघून ती म्हणाली, “ये तो वही है!” आई दोन तास तिच्याशी बोलली नाही.

बुधवार

बाहेर रिपरिप, म्हणून ‘तुंबाड’. त्या सिनेमात पाऊस जसा पडतो तसा मी दुसऱ्या कुठल्याच सिनेमात बघितलेला नाही. गाण्यासाठी पडणारा नव्हे, भिंती कुजवणारा. ओला वाडा, कुबट अंधार आणि कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरणारा विनायक. हस्तर, म्हणजे तिथला तो शापित, भुकेला देव, दिसतो तेव्हा भीती कमी वाटते, तो दिसायच्या आधी जास्त. भाची मात्र शेवटपर्यंत उशीच्या आड होती.

पण माझी एक तक्रार आहे. 1918 चं कोकण, विनायक, सदाशिव, पांडुरंग अशी नावं, बायकांची लुगडी, सगळं जिथल्या तिथे आणि माणसं बोलतात हिंदी. मी हे म्हटल्यावर दादा ताटावरून मान न उचलता म्हणाला, “मग आपण काय करतो? दूधवाल्याशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, तू भांडायला लागलीस की तेही हिंदीच.” खरं आहे. राग आला की मला मराठी सुचत नाही.

संध्याकाळी वहिनीने कणकेच्या गोळ्याला हातपाय काढून तो माझ्या प्लास्टरवर उभा करून ठेवला. भाचीने जेवायला स्वयंपाकघरात यायचं नाकारलं.

शुक्रवार

‘कोर्ट’. हा मी इतकी वर्षं टाळलेला. इथे मराठी सिनेमा लागलाच तर एखाद-दुसरा खेळ, तोही अडनिड्या वेळी, आणि हा तर संथ म्हणून ऐकलेलं. संथ आहेच. कॅमेरा एका जागी बसतो आणि उठत नाही, थेट आमच्या कॉलनीतल्या कट्ट्यावरच्या आजोबांसारखा. पहिला अर्धा तास मी फोन चाळत होते, कबूल करते. नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर, त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला असा आरोप, आणि तारखांवर तारखा.

मग ती सरकारी वकील घरी जाते. दिवसभर कोर्टात घडाघडा कलमं वाचणारी बाई मुलाला घेऊन घरी येते आणि स्वयंपाकाला लागते, आणि मी फोन खाली ठेवला. गीतांजली कुलकर्णी त्या ओट्यापाशी अभिनय करते आहे असं वाटतच नाही. कोर्टात जिच्यावर चिडायचं ती इथे आपली शेजारीण निघते, आता चिडायचं कसं?

त्यानंतर हे कुटुंब मराठी नाटकाला जातं. नाटकात मुलीने लग्नासाठी परप्रांतीय मुलगा आणलेला, बाप त्याला हाकलून देतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मी हसले. नाटकातलं वाक्य बसलं म्हणून हसले, इतकंच. हसू ओठावर असतानाच लक्षात आलं, शेजारी वहिनी शेंगा सोलत बसलीय. तिला मराठी सगळं कळतं. ती हसली नव्हती, पण सोलायचीही थांबली नव्हती.

मी म्हटलं, “हे नाटकवाले पण ना…”

ती म्हणाली, “तुझा दादा आमच्याकडे आला होता तेव्हा बाबूजींनी हाकललं नव्हतं. चहा पाजला, कचोरी खिलवली, आणि तो गेल्यावर आईला म्हणाले, महाराष्ट्रीयन हैं, दाल में गुड़ डालेंगे, लड़की भूखी मर जाएगी.”

मग दोघी हसलो. सिनेमा तसाच चालू होता, पुढची दहा मिनिटं मी बघितलीच नाहीत, मागे नेऊन पुन्हा बघावी लागली. एक मात्र आहे. हाच प्रसंग पुण्याला मावशीच्या दिवाणखान्यात बघितला असता तर हसून मी पुढे गेले असते. इथे परप्रांतीय कोण, हा हिशेब लागत नाही. होळकरांच्या मागून इथे आलो, तीनशे वर्षं होत आली, आणि भाजीवाला अजून विचारतो, “मराठी हो क्या?”

रविवार

वहिनीची पाळी. ‘लापता लेडीज’, तिने तिसऱ्यांदा, आम्ही पहिल्यांदा. शूटिंग सिहोर जिल्ह्यातलं, दादा कामासाठी भोपाळला जाताना तिथूनच जातो, त्यामुळे प्रत्येक झाड त्याच्या ओळखीचं. रेल्वेच्या डब्यात घुंगटातल्या नवऱ्या बदलतात इथपर्यंत ठीक, शेवट जरा जास्तच गोड आहे, सगळ्यांचं सगळं भलं होतं. पण त्यांतली एक नवरी, फूल, नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ शकत नाही, तिथे आई एकदम सरसावून बसली. “आम्ही उखाण्यात तरी घ्यायचो,” म्हणाली, आणि भाचीच्या आग्रहावरून घेतलाही. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. टीव्ही थोडा वेळ तसाच थांबवलेला राहिला.

चहाच्या ठेल्यावरची मंजूमाई म्हणजे छाया कदम, ‘फँड्री’तली जब्याची आई. मला ती सगळ्यांत आवडली. दादाने मध्येच ‘शोले’चं घोडं दामटून बघितलं. तो लिहिणाऱ्या जोडीतले सलीम खान इंदूरचे, म्हणून ‘शोले’ इंदुरी सिनेमा, हे त्याचं जुनं तर्कट. मतदान घेतलं, पडला.

मंगळवार

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ दुपारी एकटीने. फाळके घरातलं सामान विकतात, बायको दागिने काढून देते, आणि सगळे हसतमुख. गोड सिनेमा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 1913 मध्ये देशातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट करणाऱ्या माणसाच्या घरात एकदाही ताट आपटलं गेलं नसेल? सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करायच्या. मला त्यांच्या बाजूने काढलेला सिनेमा हवा. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणारा साळुंके तारामती झाला, हे बघून मात्र ‘बनवाबनवी’ची आठवण आली.

रात्री ‘श्वास’. (‘कोर्ट’, ‘लापता लेडीज’, ‘फॅक्टरी’ आणि हा, चारही ऑस्करला पाठवलेले. नामांकनापर्यंतसुद्धा एकही पोचला नाही. आम्हाला त्याने काय फरक पडतो म्हणा.) आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढायचे, आणि ऑपरेशनच्या आधी हे त्या पोराला सांगितलंच पाहिजे, म्हणून डॉक्टर अडून बसतात. अरुण नलावडे नुसते बाकावर बसलेले असतात आणि आपल्या घशात काही तरी अडकतं.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलंय. किरकोळ आहे, सगळे सांगतात, तीही सांगते. आजोबा पोराला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात, दिसतंय तोवर बघून घे म्हणून गावभर हिंडवतात, तिथे आईने पदर तोंडाला लावला. “बंद कर,” म्हणाली.

“थोडाच राहिलाय गं.”

“असू दे. आत्ता त्याला दिसतंय ना, इथेच राहू दे.”

बंद केला. टीव्ही लावला की ‘श्वास’चं चित्र सगळ्यांत आधी येतं, खाली लाल रेघ, जवळजवळ शेवटपर्यंत गेलेली. भाची दोनदा म्हणाली, पूर्ण करू या का आत्या. प्लास्टर निघायला अजून वेळ आहे. उद्या पहाटे नळ येतील, बादल्या भरायला दादा जाणार आहे.