शेवटची दहा पावलं

शुक्रवारी रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज आला. नुसते आकडे. उत्तर ४७ अंश ३९ पॉइंट कायतरी, पश्चिम १२२ अंश ०७ पॉइंट कायतरी. मला वाटलं मित्राच्या खिशात फोन दाबला गेला असेल. मग दुसरा मेसेज, "उद्या नऊ वाजता, जुने बूट घाला." आणि तिसरा त्याच्या बायकोचा, "पोहे मी आणतेय, चहा तुमच्याकडे." हा तिसरा आला तेव्हा कुठे कळलं की प्रकरण सिरियस आहे, कारण आमच्या ग्रुपात जे काही खरंच घडतं ते पोह्यांपासूनच सुरू होतं.

आकडे टाकून बघितले तर आमचंच मेरीमूर पार्क. अमेरिकेत सिएटलशेजारच्या रेडमंडला राहणाऱ्या देशी लोकांना हे पार्क म्हणजे अंगण आहे, ६४० एकरांचं. इथे आम्ही क्रिकेट बघितलंय, मुलांना सायकल शिकवलीये, कुत्र्यांच्या ४० एकरांच्या मोकळ्या कुरणाच्या कुंपणाबाहेर उभं राहून दुसऱ्यांचे कुत्रे बघितलेत (आपला घ्यायचा नाही हे ठरलेलं आहे, मुलांनी हा लेख वाचला तरी ठरलेलंच आहे). एवढ्या वर्षांत किती वेळा गेलो असू, आणि त्याच पार्कात अनोळखी लोकांनी डबे लपवून ठेवलेत आणि दुसरे अनोळखी लोक येऊन ते शोधतात, सही करतात आणि परत तिथेच ठेवून जातात, हे आम्हाला माहीतच नाही! जिओकॅशिंग म्हणतात याला. मुलीच्या भाषेत ट्रेझर हंट, फक्त ट्रेझर नसलेलं.

तर शनिवारी तीन घरची मिळून दहा माणसं, त्यात आमच्या सासूबाई. सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्यात. त्यांना नीट काही सांगितलंच नव्हतं, "पार्कात चाललोय" एवढंच, त्यामुळे त्या आपल्या नेहमीप्रमाणे साडी, त्यावर माझ्या नवऱ्याचं जुनं जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा तयारीने निघाल्या. पार्किंगचा एक डॉलर भरला, बाकावर पोह्यांचा डबा उघडला, आणि लिंबू पिळता पिळता मित्राने इतिहास सांगायला घेतला. हा माणूस कॉलेजात असल्यापासून असाच आहे, काही करायच्या आधी त्याला प्रस्तावना लागते.

पण यावेळची प्रस्तावना खरंच भारी होती. म्हणजे असं की जीपीएस हे मूळचं अमेरिकन लष्कराचं, आणि साध्या लोकांना मिळणारा सिग्नल ते मुद्दाम बिघडवून द्यायचे, शंभरेक मीटरचा घोळ. शंभर मीटर म्हणजे तुम्हाला जायचंय देवळात आणि तो नेणार तुम्हाला देशी दारूच्या दुकानात. मग २००० साली १ मे ला क्लिंटन सरकारने जाहीर केलं की हा बिघाड बंद, आणि रातोरात सगळ्यांची यंत्रं कितीतरी पटीने अचूक झाली. (१ मे! आम्ही झेंडावंदन करून जिलेबी खात होतो तेव्हा हे चाललेलं.) आणि लगेच ३ मे ला ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने जंगलात एक बादली नेऊन ठेवली, आत थोड्या वस्तू आणि एक वही, आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकले की बघा शोधून. म्हणजे सरकारने एवढं मोठं काम केलं आणि या माणसाला दोन दिवसांत सुचलं काय, तर बादली लपवू. मला हा माणूस फार आवडला. त्या बादलीत एक घेवड्याचा डबा पण होता, खायच्या बीन्सचा. आता नियम असा की खायचं काही ठेवायचं नाही, जनावरं येतात. आणि हा खेळ चालवणारी जी मुख्य कंपनी आहे ती इथेच सिएटलमध्ये, म्हणजे आमच्यापासून तळं ओलांडलं की. आपल्याच गल्लीतली गोष्ट आपल्याला सगळ्यात शेवटी कळते ती अशी.

पहिला डबा पटकन मिळाला, त्याचं फार सांगण्यासारखं नाही. एका पडलेल्या ओंडक्यामागे, नेच्याच्या झुडपात, जेवणाचा असतो तसा क्लिपवाला प्लास्टिकचा डबा. पुरायचा नसतो हं, खणायला सक्त मनाई, नुसता झाकायचा. आत एक प्लास्टिकचा डायनासोर, दोन गोट्या, एक चावीची रिंग, कोणाचं तरी कूपन आणि सहीची वही. एक घ्यायचं तर एक ठेवायचं आणि ठेवायचं ते तोलामोलाचं, असा संकेत. चिरंजीवांनी डायनासोर उचलला आणि बदल्यात काय द्यायचं म्हणून सगळ्यांचे खिसे तपासले तर सासूबाईंच्या बटव्यातून पाच रुपयांचं नाणं निघालं. ते ठेवलं. डायनासोरला पाच रुपये ठीक आहेत असं सासूबाईंचं मत पडलं, "जत्रेत तीनला मिळतो."

गंमत खरी दुसऱ्याची.

फोनवर बाण दिसतो आणि आकडा. ३०० फूट. १५०. ६०. सगळे बाणाच्या मागे, लग्नात वरातीच्या मागे चालतात तसे. ३० फूट. १२ फूट. आणि मग एकदम ४५! मागे फिरा. आता २०, पण दुसरीकडे. उंच उंच सीडरची झाडं, त्यांच्याखाली सिग्नल अडखळतो, इकडेतिकडे आपटून येतो, त्यामुळे बाण पिसाळल्यासारखा फिरायला लागतो. वीस हजार किलोमीटर वरून उपग्रह तुम्हाला बरोबर या झाडीपर्यंत आणून सोडतात आणि मग म्हणतात, आता बघा बाबा तुमचं तुम्ही. शेवटची दहा पावलं तुमची.

आणि तिथे उभं असताना मला जाणवलं की आपली अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे पत्ता ही गोष्ट मुळात पूर्ण नसतेच. माझ्या माहेरचा पत्ता अजूनही "मारुतीच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीवर, तिथे येऊन कोणालाही विचारा" असा आहे. लिहिलेला पत्ता तुम्हाला गल्लीच्या तोंडाशी आणतो आणि शेवटची दहा पावलं माणसं नेतात. पानवाला, इस्त्रीवाला, ओट्यावर बसलेल्या आजी, ज्या आधी तुम्ही कोणाचे कोण ते विचारतात आणि मग बोट दाखवतात. कोणालाही विचारा हा आपल्या पत्त्याचा अर्धा भाग आहे. आणि या खेळात नेमकं तेच करायचं नाही! कोणाला विचारायचं तर नाहीच, उलट कोणाला कळताही कामा नये की आपण काही शोधतोय. खेळ माहीत नसलेल्या लोकांना हे मगल म्हणतात, त्या जादूगार पोराच्या पुस्तकांतून उचललेला शब्द. मगल दिसला की साळसूद उभं राहायचं. आता तुम्ही सांगा, दहा मराठी माणसं झुडपात डोकं घालून "इकडे बघ रे", "तिकडे नको, काटे आहेत" ओरडतायत, त्यातल्या एक बाई साडी आणि पुरुषाचं जॅकेट घालून थर्मास धरून उभ्या आहेत, हे साळसूद कसं दिसणार?

दिसलं नाहीच. एक आजोबा कुत्रा घेऊन आले आणि थांबले. काही हरवलंय का, अशी चौकशी. आम्ही सगळे गप्प. आणि माझा नवरा, जो जन्मात रस्ता विचारत नाही, तो एकदम म्हणाला, "चष्मा." बस. ते आजोबा इतके सज्जन की त्यांनी कुत्र्याला झाडाला बांधलं, गुडघ्यावर बसले आणि आमच्याबरोबर नवऱ्याचा चष्मा शोधायला लागले. नवऱ्याला चष्मा नाहीये. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आजोबा पानं बाजूला करतायत, फ्रेमचा रंग विचारतायत, नवरा म्हणतो काळी, मग धाकटा मोठ्याने, "बाबा तुला चष्मा कुठेय?" नशीब मराठीत. शेवटी मित्राने आपला स्वतःचा चष्मा डोळ्यावरून काढून हळूच गवतात टाकला आणि "सापडला!" म्हणून उचलला. आजोबांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. मला दिवसभर लाज वाटत राहिली, आणि त्याहून वाईट म्हणजे मित्राला त्या काळ्या फ्रेमच्या चष्म्याशिवाय काही दिसत नसल्याने त्याला तो नवऱ्याकडून परत घ्यायला आजोबा वळणापलीकडे जाईपर्यंत थांबावं लागलं.

मग हिंट बघायची ठरली. हिंट सरळ दिसत नाही, प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेली असते. आम्ही लहानपणी च ची भाषा बोलायचो ना, मोठ्यांना कळू नये म्हणून, तसलंच. अ‍ॅपमध्ये बटण दाबलं की उलगडते. हिंट होती, डोळ्यांच्या उंचीवर.

कोणाच्या डोळ्यांच्या? हा प्रश्न त्या लपवणाऱ्याला पडलाच नसणार. आम्ही बायका सगळ्या पाच फूट एक ते तीन, आम्ही आमच्या डोळ्यांच्या उंचीवरची एकूण एक फांदी बघितली. तेवढ्यात धाकट्याचे पाय दुखायला लागले (डायनासोर मिळाल्यावर त्याचा शोधातला रस संपलेला), म्हणून नवऱ्याने त्याला खांद्यावर घेतलं, आणि दोन मिनिटांनी वरून आवाज आला, "इथे बेल आहे." त्याच्या कानाजवळ, फांदीच्या आत खोडालगत, तारेने टांगलेली हिरवी धातूची नळी. करंगळीच्या दोन पेरांएवढी. लपवणारा सहा फूट चारच्या खाली नसणार.

सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "हा तर ताईत आहे."

आणि होताच! फिरकीचं झाकण, वर कडी, आत गुंडाळलेला कागद. फरक एवढाच की आत मंत्र नव्हता, लोकांच्या सह्या होत्या, मुंगीच्या अक्षरात, तारखा घालून. कागद बोटभर रुंद आणि चांगला हातभर लांब, जरा दमट. आम्ही त्यावर "टीम कांदेपोहे" लिहिलं, तारीख घातली, फोटो काढले, आणि मग तो कागद परत नळीत जाईना. आधी मी गुंडाळला, जाड झाला. मुलीने गुंडाळला, मधून फुगला. मित्राने काडीवर गुंडाळला तर काडी आत अडकली, ती काढताना कडेला जरा फाटला. तीन इंजिनियर, एक डॉक्टर, आणि एक चिठ्ठी नळीत जात नाही. सासूबाई थर्मासचं झाकण लावत हे बघत होत्या. "आण इकडे," म्हणाल्या. बाकावर बसल्या, पदर नीट केला, कागदाचं एक टोक चिमटीत धरून अगदी बारीक वळलं, आणि मग तळहातावर ठेवून वरून दुसऱ्या तळव्याने एकदाच, पुढे ओढत नेल्यासारखा. वात. देवापुढची असते तशी घट्ट, एकसारखी वात झाली त्याची, आणि नळीत अशी गेली की वर जागा उरली. साठेक वर्षं रोज वाती वळणारा हात तो. मित्र म्हणाला, "काकू, परत एकदा करा ना, व्हिडिओ काढतो," तर म्हणाल्या, "आता काय परत उलगडू?"

पण झाकण लावल्यावर त्यांनी विचारलंच. "आता हे न्यायचं कुठे?"

"न्यायचं नाही आई, परत टांगायचं."

"मग मिळालं काय?"

मुलीने फोन दाखवला, नकाशावर त्या जागी पिवळा हसरा चेहरा आलेला. सासूबाईंनी तो बघितला, फोन परत दिला. "हळदीकुंकवाला वाण तरी देतात," एवढंच म्हणाल्या.

तिसरा मिळाला नाही. पाऊण तास शोधला. त्यालाही त्यांच्यात नाव आहे, डीएनएफ, सापडला नाही म्हणून रीतसर नोंद करायची, पुढच्यांना कळतं की डबा गेलाय की काय. मला हे आवडलं, न सापडल्याची नोंद. मित्राला नाही आवडलं, तो म्हणाला पुढच्या शनिवारी परत येऊ, मग नोंदवू. त्याच्या डोळ्यात मी जे बघितलं ते याआधी त्याने आंबट दह्याचं विरजण इंटरनेटवरून मागवलं तेव्हा बघितलं होतं. तोपर्यंत बायकांनी शोध सोडलाच होता कारण नदीकडच्या वाटेला ब्लॅकबेरी पिकलेल्या. नाव हिमालयन ब्लॅकबेरी, हिमालयाशी काडीचा संबंध नाही, आणि इथे ते रानटी तण म्हणून लोक वैतागतात. पण ऑगस्टअखेरचं ऊन, बोटं जांभळी, मनगटावर ओरखडे, आणि सगळ्यात पिकलेली नेमकी हात पोचत नाही तिथे. करवंदांना गेल्यासारखंच. सासूबाई पोह्यांच्या रिकाम्या डब्यात गोळा करत होत्या, आणि हे मात्र घरी न्यायचं असतं का असं त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं.

रात्री त्यांचा साताऱ्याला बहिणीला फोन, तिकडे सकाळ. मी भांडी लावत होते, स्पीकर नव्हता त्यामुळे एकच बाजू ऐकू आली.

"अगं, ताईत शोधायला गेलो होतो... हो, पार्कात... सापडला ना... नाही गं, आणला नाही, परत झाडाला टांगला... कोणाचा ते काय माहीत... अगं आत चिठ्ठी होती, मीच वळून घातली..."

मग बराच वेळ पलीकडचंच बोलणं चाललेलं, आणि सासूबाईंचा आवाज एकदम वाढला.

"नाही, नाही, करणीबिरणी कसली! कंपनीचा आहे तो!"